माझ्या पायाखाली ब्रेक नसतो

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो. शिकणाऱ्याला हे पहिल्या दिवशीच कळतं आणि मग लायसन हातात पडेपर्यंत तो त्याच भरवशावर गाडी चालवतो. कोल्हापूरच्या सायबर चौकात केएमटीची बस आडवी आली की तो स्टेरिंग घट्ट धरून बसतो. ब्रेक मी मारतो. शिकवणं म्हणजे तोंडाचं काम असं बाहेरच्यांना वाटतं, पण आमच्या धंद्यात ते निम्मं उजव्या पायाचं असतं. इतकी वर्षं हे केल्यावर तो पाय आपल्या ताब्यात राहत नाही. रिक्षात मागं बसलो तरी आपोआप पत्र्यावर दाबला जातो. बायको हसते.

असा माणूस राजारामपुरीतल्या एका माडीवर रेसिंग सिम्युलेटरशेजारी स्टूल टाकून बसायला लागला, त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. त्यानं तिथं दोन सिम्युलेटर बसवले होते आणि तासावर पैसे घेत होता. एके दिवशी म्हणाला, "काका, पोरं येत्यात, पहिल्याच वळणाला भिंतीत घालत्यात, हसत्यात आणि परत येत न्हाईत. तुम्ही त्यास्नी नुसतं रस्त्यावर ठेवायला शिकवा. फुडचं मी बघतो." संध्याकाळी सातनंतर माझी गाडी उभीच असते. म्हटलं, येतो.

सिम्युलेटर म्हणजे फार अगडबंब यंत्र नव्हे. उद्यमनगरात चौकोनी एमएस पाइप वेल्डिंग करून घेतलेला सांगाडा, त्यावर भंगारातल्या ओम्नीची सीट, समोर लॉजिटेकचं जी २९ स्टेरिंग, तीन पेडलं, बत्तीस इंची पडदा आणि कॉम्प्युटर. आधी सीटऐवजी ऑफिसातली चाकांची खुर्ची होती. ब्रेक दाबला की गाडी थांबायची आणि ड्रायव्हर मागं जायचा, म्हणून सांगाडा आला. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं चित्र बघितलं, पेडलं कुठं, गुडघा कुठं एवढं विचारलं आणि माप न घेता पाइप कापला. बरोब्बर बसला. स्टेरिंग अडीच वेढे फिरतं, म्हणजे ९०० अंश, आणि आतल्या मोटारी हाताला उलटा जोर देतात. पुढची चाकं घसरायला लागली की तो जोर हलका होतो. ब्रेकच्या पेडलामागं रबराचा ठोकळा आहे. त्यामुळं पेडल इतकं कडक लागतं, की पोरं हमखास म्हणतात, "सर, हे जाम झालंय." जाम झालेलं नसतं. शर्यतीच्या गाडीचा ब्रेक पाय किती खाली गेला यावर नाही, किती जोरानं दाबला यावर चालतो. आपल्या रोजच्या गाड्यांनी आपल्याला उलटी सवय लावलेली आहे.

आमच्याकडं 'असेटो कोर्सा' आहे. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या छोट्या कंपनीनं केलेला हा प्रोग्रॅम २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण होऊन बाजारात आला. आता जुना झाला, पण साध्या कॉम्प्युटरवर चालतो, आणि त्यातले बरेचसे ट्रॅक लेझरनं मोजून बनवलेले असल्यामुळं खऱ्या डांबरातला उंचवटा इथंही त्याच जागी हाताला लागतो. इंटरनेटवरून परक्यांशी शर्यत लावायची सोय त्यात आहे. ती मी नवख्याला दाखवतच नाही. एकट्यानं चालवायचे जे प्रकार आहेत त्यातला 'प्रॅक्टिस' उघडतो. पल्ला नाही, नंबर नाही, समोर गाडी नाही.

सुरुवातच गमतीची होते. गाडी पिटमध्ये उभी, पोरगा अॅक्सिलरेटर पार खाली दाबून बसलेला आणि गाडी ढिम्म. पडद्याच्या डाव्या कडेला स्टेरिंगचं एक चित्र असतं, त्यावर क्लिक केल्याशिवाय गाडी ताब्यात येत नाही. हे कुणीही सांगत नाही. हँडब्रेक वर ठेवून गाडी उचलायला बघणारे माझ्याकडं रोज असतात, त्यामुळं मला त्याचं काही वाटत नाही. पण एकोणीस वर्षांच्या पोराला मित्रांसमोर ते फार लागतं.

मित्र हाच पहिला मोठा प्रश्न. कोल्हापुरात माणूस एकटा काही करत नाही. सिम्युलेटरवर एकजण बसतो आणि मागं चौघे उभे राहतात. चौघांनाही गाडी येत असते. "भावा, हाण की!" "अरं, आतनं घे, आतनं!" "ब्रेक कशाला मारालाईस?" हे कानात पडत असताना कुणी ब्रेक मारू शकत नाही. म्हणून मी पहिला नियम केला: शिकायला आलेल्याच्या कानावर हेडफोन आणि बाकीच्यांनी खाली टपरीवर. मालकाला ते पटलं नाही, कारण मागं उभे राहणारे हेच उद्याचं गिऱ्हाईक. आमची यावर थोडी वादावादी झाली. हेडफोन मात्र नुसता गप्प करायला नव्हता. खरी गाडी बुडाला कळते. ती कुठं कलली, मागची चाकं कधी सुटायला लागली हे सीटमधून अंगात येतं. इथं सीट मुकी आहे. त्याच्या जागी टायरचा आवाज आहे. आधी बारीक कुजबूज, मग कळवळल्यासारखा सूर, मग किंचाळी. पोरांना वाटतं टायर ओरडला म्हणजे काहीतरी चुकलं. त्या मधल्या सुरावरच गाडी सगळ्यात जलद वळते, हे कानाला कळायला शांतताच लागते.

ड्रायव्हिंग क्लासात आम्ही आधी सीट आणि आरसे लावून देतो. इथं आरशाच्या आधी दृष्टीचा कोन लावावा लागतो. प्रोग्रॅम आला तसाच ठेवला तर हा कोन मोठा असतो. डॅशबोर्ड, दोन्ही काचा, सगळं दिसतं आणि छान वाटतं. पण वळण असतं त्याहून लांब दिसतं आणि वेग असतो त्याहून जास्त वाटतो. बत्तीस इंची पडदा डोळ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन हिशेबानं साधारण ३२ अंश येतो. तेवढा केला की प्रत्येकजण कुरकुरतो, "सर, काहीच दिसंना झालंय." थोडा वेळ जाऊ दिला की तो ब्रेक योग्य जागी मारायला लागतो, कारण अंतर आता खरं आहे. या एका आकड्यानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या स्टेरिंगनं पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग गाडी. पोरांना फॉर्म्युला वन पाहिजे आणि ट्रॅक नोएडाचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, तिथं २०११, १२ आणि १३ अशा तीनच वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. हौशी लोकांनी असेटो कोर्सासाठी तो ट्रॅक बनवलेला आहे, आणि "आपला" ट्रॅक म्हणून पोरं तो मागतात. मी देत नाही. मी देतो अबार्थ ५००, पुढच्या चाकांवर चालणारी बुटकी इटालियन गाडी, आणि मॅजिओने. पेरूजा शहराजवळचा हा ट्रॅक फक्त २.५०७ किलोमीटरचा आहे. "सर, ही तर बाईच्या पर्सएवढी गाडी," असं एकानं मला ऐकवलं होतं. छोटा ट्रॅक अशासाठी, की चुकलेलं वळण दीड-दोन मिनिटांत पुन्हा समोर येतं आणि आधीच्या वेळी काय केलं ते अजून पायात असतं. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरवर तेच वळण परत येईपर्यंत माणूस सगळं विसरलेला असतो. गिअर आपोआप पडणारे ठेवतो. एबीएसला 'फॅक्टरी' असा पर्याय आहे. खऱ्या गाडीत जेवढी मदत असते तेवढीच मिळते. तो ठेवतो.

रस्त्यावर काढलेली हिरवी-लाल रेघही सुरुवातीला असू देतो. कुठून वळायचं आणि कुठं ब्रेक ते ती दाखवते. पण ट्रॅक तोंडपाठ झाला की लगेच काढतो. रेघ बघणारा माणूस बॉनेटच्या पुढं बघत नाही. रंकाळ्याच्या कडेनं गाडी चालवायला शिकवताना मी जेवढ्या वेळा "लांब बघ" म्हणतो, तेवढ्याच वेळा इथंही म्हणतो. डोळे जिथं असतात तिथं हात जातात, गाडी खरी असो की पडद्यावरची.

ब्रेकचं मात्र मला सगळं उलटं शिकवावं लागलं. क्लासात मी सांगतो: आधी हलका, मग जास्त, गाडीतल्या म्हातारीची मान हलता कामा नये. ट्रॅकवर आधीच सगळा जोर, आणि वळण जवळ येईल तसा तो हळूहळू सोडायचा. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, पुढची चाकं जमिनीला घट्ट धरतात आणि तेव्हाच ती वळायला राजी असतात. ब्रेक एकदम सोडला तर वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळ गवतात जाते. "स्टेरिंग ऐकंना झालंय" ही तक्रार दर संध्याकाळी येते. स्टेरिंगचा दोष नसतो, वजन मागं राहिलेलं असतं. दुसरी गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ मी हे वाक्य कितीतरी जणांना ऐकवलंय आणि कितीतरी जणांनी मान डोलावलीय. साठवर आणि एकशेवीसवर एकाच जागेपासून ब्रेक मारून बघायची मुभा महामार्गावर नाही. इथं आहे. साठवर गाडी वळणाच्या आधीच उभी राहते. एकशेवीसवर गवत, वाळू, भिंत. त्यानंतर ते वाक्य बोलावं लागत नाही.

इथंच माझ्या पायाचा प्रश्न येतो. समोरचा पोरगा सरळ रस्त्याच्या टोकाला आलाय, ब्रेकची जागा गेली आहे, मला दिसतंय, आणि माझा उजवा पाय स्टुलाखालच्या फरशीवर दाबलेला आहे. काहीच होत नाही. गाडी भिंतीवर जाते, डॅमेज बंद असल्यामुळं पत्राही वाकत नाही, तो एस्केप दाबतो आणि परत पिटमध्ये. पहिले काही आठवडे मी अशा वेळी ओरडायचो, कारण पायाचं काम तोंडाला द्यायची सवय. हळूहळू लक्षात आलं, की मी ओरडलो की तो माझ्या आवाजावर ब्रेक मारायला शिकतो, वळणावर नाही. क्लासातही तेच चाललेलं असतं, फक्त तिथं दुसरा इलाज नाही. सायबर चौकातल्या भिंतीला एस्केपचं बटण नसतं. इथं चूक पूर्ण होऊ देता येते. अर्धवट अडवलेली चूक कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि इतकी वर्षं मी पगार घेऊन चुका अर्धवटच अडवत आलोय. म्हणून मी आता हातात चहाचा ग्लास घेऊन बसतो आणि तो भिंतीत जाऊन थांबला की एवढंच विचारतो, "काय झालं?" उत्तर त्यानं द्यायचं. "लेट मारला" म्हणाला की पुढच्या फेरीला तो लेट मारत नाही.

अबार्थ हातात बसली की टोयोटा जीटी ८६ देतो, मागच्या चाकांवर चालणारी. वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की हिचं मागचं अंग सुटतं आणि तोंड आल्या वाटेकडं होतं. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. या वाक्यावर माडी हसते आणि ज्याची पलटी झाली तोही हसतो, हे त्यातलं चांगलं. खऱ्या रस्त्यावर ओल्या आंबा घाटात असं होताना मी एका गाडीत बसलेला होतो, आणि तिथं कुणी हसलं नव्हतं.

आपली स्वतःचीच सगळ्यात चांगली फेरी पारदर्शक गाडीच्या रूपात पुढं पळताना दाखवायची सोय आहे. पोरं तिला 'भूत' म्हणतात. "सर, भुतानं मारलं!" माझा त्याला सुरुवातीला विरोध. भुताच्या मागं लागला की माणूस तेच करतो जे मित्र मागं उभे असताना करतो. मी वहीत फेऱ्यांच्या वेळा लिहायला लावतो आणि सांगतो, लवकर होऊ नको, सारखा हो. सलग दहा फेऱ्या एका सेकंदाच्या आत आल्या की भूत लावू. एखादी भन्नाट फेरी सगळ्यांचीच येते, नशिबानं. दहा सारख्या येणं नशिबाचं काम नाही.

पालक येतात. बहुतेक आई येते, एखाद्या खोलीतल्या अंधाराकडं बघावं तसं त्या पडद्याकडं बघते आणि विचारते, "ह्यातनं काय हुणार?" कोल्हापुरात हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, इथला ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या एमियो कपमध्ये धावला, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. पण ही नावं सांगून मी कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही. त्या मार्गाला टायर, इंजिन, प्रवास, मेकॅनिक असा खर्च आहे आणि तो लहानपणापासून कार्टिंगमध्ये घालावा लागतो. जान मार्डनबरो नावाचा वेल्समध्ये वाढलेला मुलगा २०११ मध्ये 'ग्रान तुरिस्मो' या खेळाच्या स्पर्धेतून खरा रेसर झाला आणि २०१३ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. त्याच्यावरचा २०२३ चा सिनेमा सगळ्या पोरांनी बघितलेला आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खऱ्या शर्यती बंद होत्या तेव्हा शार्ल लेक्लेर घरात बसून सिम्युलेटरवरची ग्रां प्री जिंकला. पण लेक्लेर आधीच फेरारीचा ड्रायव्हर होता, आणि मार्डनबरो हजारोंतून निवडलेला एक. आईला मी एवढंच सांगतो, की तुमचा मुलगा महामार्गावर शंभरच्या वर जाईल तेव्हा ब्रेक कुठं मारायचा हे त्याच्या पायाला माहीत असेल. ती थोडी शांत होते. शंभरच्या वर जाईल हे ऐकून थोडी बिघडतेही.

सगळ्यात चांगल्या शिकणाऱ्या मात्र एक शिक्षिका निघाल्या. पन्नाशीच्या. आमच्या क्लासात लायसन काढलं, नवऱ्याची गाडी दारात उभी, पण कावळा नाक्याच्या पुढं कधी गेल्या नाहीत. ट्रकच्या आवाजानं हात गार पडतात म्हणाल्या. मी मोकळ्या वेळी, पोरं नसताना, त्यांना माडीवर बोलावलं. त्यांनी आधी प्रोग्रॅम बंद कसा करायचा ते विचारलं, मग चष्मा पुसला. पहिल्या फेरीला सगळी वळणं दुसऱ्या गिअरवर घेतली. वेळ कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पण त्या एकदाही गवतात गेल्या नाहीत, आणि वहीत वेळा लिहायला मला सांगावं लागलं नाही. रेघा मारून तक्ता त्यांनीच केला. फेरीगणिक दोन-तीन दशांशांनी वेळ खाली येत होती. पोरांचा आलेख पंचगंगेच्या पाण्यासारखा एकदम चढतो आणि एकदम उतरतो. यांचा एकाच दिशेनं चालला होता. वळणातून बाहेर पडताना त्या स्वतःशी पुटपुटायच्या, वर्गात हजेरी घेताना पुटपुटतात तसं. पाच-सहा संध्याकाळींनंतर पर्स म्हणणाऱ्या पोराच्या वेळेच्या त्या आत आल्या, आणि तो मात्र त्यांना "मॅडम, कुठल्या शाळंत?" विचारून जरा दूर बसला.

तेव्हा मी 'शर्यत' लावली. कॉम्प्युटरच्या गाड्यांची ताकद टक्क्यांत ठरवता येते. मी खालच्या टोकाला ठेवली, पाच गाड्या घेतल्या, मॅडमना सगळ्यात मागं उभं केलं. या गाड्या सभ्य असतात, उगाच धडकत नाहीत, पण नवख्याच्या आधीच ब्रेक मारतात. मागून जाणारा माणूस वळण सोडून पुढच्याचे लाल दिवे बघायला लागतो, आणि इतके दिवस बसवलेलं सगळं एका वळणात जातं. मॅडमचंही गेलं. पहिल्याच वळणाला गवत. दुसऱ्या फेरीला त्यांनी पुढच्याला जरा अंतर दिलं, त्याच्याकडं बघणं सोडलं, आणि तो बाहेर गेला तेव्हा आतून निघून गेल्या. मी टाळी वाजवली. त्यांना ते आवडलं नाही.

"ह्या गाड्या काढता येतील का?" त्यांनी विचारलं.

"का हो? एक मागं टाकलीत की."

"तो चुकला म्हणून मी पुढं गेले. ते चौथं वळण माझं अजून जमलेलं नाही, आणि हे लोक मध्ये मध्ये करतात."

मी गाड्या काढल्या. टायरची झीज चालू केली, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांना पकड कमी होईल आणि ब्रेक थोडा आधी मारावा लागेल. टाकीत पेट्रोल पूर्ण भरलं, म्हणजे सुरुवातीला गाडी जड राहील. हे त्यांना सांगितलं नाही, तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यांनीच विचारलं, "गाडी आज जड का लागतेय?" मग चहा सांगायला खाली गेलो.